दाणा, वैरण आणि भीमेचा उतार

सोलापूरहून मंगळवेढ्याला जाताना बेगमपूरपाशी भीमा ओलांडावी लागते. पूल उतरला की पलीकडे माचणूरचे सिद्धेश्वराचे देऊळ लागते आणि त्याच्या शेजारी नदीला चिकटून एक पडका किल्ला उभा दिसतो. जवळचे गाव ब्रह्मपुरी. मे १६९५ ते ऑक्टोबर १६९९ अशी सुमारे साडेचार वर्षे मुघल साम्राज्याचा कारभार दिल्लीतून नव्हे, या नदीकाठावरून चालला. औरंगजेबाने इथे मुख्य छावणी टाकली आणि गावाचे नाव इस्लामपुरी ठेवले.

छावणी नुकतीच स्थिरावत होती, तेव्हाची गोष्ट. संताजी घोरपडे कर्नाटकातून लूट घेऊन परतत असल्याची बातमी आली. बादशहाने शिऱ्याचा फौजदार कासिमखान याला त्यांची वाट अडवण्याचा हुकूम दिला आणि त्याच्या मदतीला छावणीतून खानजादखान व इतर निवडक सरदार पाठवले. नोव्हेंबर १६९५ मध्ये आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या दोड्डेरीजवळ गाठ पडली खरी, पण शिकारी आणि सावज यांची अदलाबदल झाली होती. कासिमखानाचे तंबू फौजेच्या तीन कोस पुढे गेले असताना मराठे नेमके त्या तंबूंवर तुटून पडले.

त्या काळी ना तारायंत्र होते ना आकाशातून पाहण्याची सोय, आणि मोजमापाचे नकाशेही हाताशी नव्हते. तरीही हजारो माणसांची फौज उद्या कुठे असेल, तिचे सामान कुठे असेल आणि मधले अंतर किती असेल, हे संताजींना अचूक ठाऊक होते. ते कसे, याचे उत्तर सोलापूर जिल्ह्याच्या मातीत आणि भीमेच्या पाण्यात बरेचसे सापडते.

मुक्कामाच्या आधी काय येते?

आषाढीच्या वारीत माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी या वाटेवर राहणाऱ्या माणसाला पालखीचा मुक्काम कुठे आहे हे वर्तमानपत्रातून कळावे लागत नाही. पालखी अजून मागच्या गावात असते, तेव्हाच दिंड्यांचे ट्रक पुढच्या तळावर पोहोचतात. राहुट्या ठोकल्या जातात, पाण्याचे टँकर लागतात, चुली मांडल्या जातात आणि किराणा दुकानात डाळ-तांदळाची मागणी वाढते. माणसे मागून येतात, त्यांची सोय आधी येते.

मोठ्या फौजेचेही असेच होते. मुघल सरदाराकडे तंबूंचे दोन संच असत. तो एकात झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामाला रवाना होई. पुढे जाणाऱ्या या सामानाला पेशखाना म्हणत. सरदाराला दिवसभराच्या मजलेनंतर आयता निवारा मिळे. पण उंट-बैलांवर लादलेला पेशखाना ज्या दिशेने निघाला, त्या दिशेला उद्या फौज जाणार, हे वाटेवरच्या गुराख्यालाही कळे. अंतरही कळे, कारण बुणग्यांसह चालणारी फौज दिवसाला चार-पाच कोसांपलीकडे क्वचितच जात असे. बुणगे म्हणजे न लढणारा लवाजमा: नोकर, बाजारवाले, कुटुंबकबिला, जड सामान.

म्हणून फौजेचा माग काढणारा तलवारी मोजत बसत नाही. तो तंबू पाहतो, बैल पाहतो, पाणी पाहतो. सैनिक झाडीत दडू शकतात, रात्रीच्या अंधारातून सरकू शकतात. त्यांच्या घोड्यांना लागणारे गवत मात्र कुणालाही लपवता येत नाही.

भुकेचा हिशेब

इटालियन प्रवासी जेमेली करेरी याने १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगल्याला बादशहाची छावणी पाहिली. त्याच्या अंदाजाने तिथे साठ हजार घोडेस्वार होते आणि सगळी मिळून वस्ती पाच लाखांच्या घरात होती. आकडा ऐकीव म्हणून निम्मा केला तरी हे एक चालते-फिरते मोठे शहर होते. एवढ्या पोटांचे सोडा; केवळ दहा हजार घोड्यांचा हिशेब मांडला तरी गोष्ट लक्षात येते.

---

चौकट : दहा हजार घोड्यांचा एक दिवस

*दाणा (हरभरा वगैरे):* घोड्यामागे ४ किलो धरले तर ४० टन. एका बैलाच्या पाठीवर सुमारे १०० किलोची गोणी जाते. म्हणजे रोज ४०० लादलेले बैल.

*वैरण:* घोड्यामागे ८ किलो धरले तर ८० टन. कोरडवाहू ज्वारीचा एकरी एक टन कडबा धरला, तर रोज ८० एकरांचा कडबा.

*पाणी:* घोड्यामागे ३० लिटर धरले तर ३ लाख लिटर.

*हिशेबात न धरलेले:* स्वार, मोतद्दार, हत्ती, उंट, तोफा ओढणारे बैल, आणि दाणा आणणाऱ्या बैलांचे स्वतःचे पोट.

---

रोज ८० एकर म्हणजे महिन्याला २,४०० एकर. छावणीभोवतीचे रान आधी संपते, मग त्याच्या पलीकडचे. वैरण कापून आणायला बाहेर पडणाऱ्या टोळीला ‘कही’ म्हणत. पहिल्या आठवड्यात कही कोसभरावरून भारे घेऊन दुपारी परत येते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला तीन-चार कोस जावे लागते, सोबत पहारा द्यावा लागतो आणि परतायला अंधार पडतो. सकाळी निघालेली कही त्याच दिवशी परतू शकत नाही अशी वेळ आली, की सेनापतीपुढे दोनच वाटा उरतात: तळ हलवायचा, किंवा लांबून बैलांचे तांडे मागवायचे.

बाहेरून पाहणाऱ्याला याचा काय उपयोग? कही किती दूर येते आहे एवढ्यावर नजर ठेवली, तरी तळ कधी हलणार याचा चांगला अंदाज बांधता येतो. आत शिरून गुप्त कागद वाचायची गरजच पडत नाही. मराठ्यांच्या लढाईत कहीवर हल्ला करण्याला जे महत्त्व होते ते यासाठी. त्यातून चार घोडी मिळत हे खरे, पण खरा लाभ वेगळा होता. कही बाहेर पडायला घाबरू लागली की छावणीचा घेर आवळतो आणि जनावरे खुंट्याला बांधलेलीच उपाशी मरतात.

ब्रह्मपुरीचीच जागा बादशहाने का निवडली, याचाही उलगडा यातून होतो. बारमाही पाण्याचे डोह आणि पाठीशी मंगळवेढ्याचा ज्वारीचा पट्टा. दुष्काळात दामाजीपंतांनी लोकांसाठी बादशाही कोठार खुले केले ही कथा मंगळवेढ्याचीच, आणि इथे धान्याची कोठारे असत हे तिच्यातूनही कळते. इथली रब्बी ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरतात आणि माघ-फाल्गुनात काढतात. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये दाणा आणि कडबा दोन्ही भरपूर. पुढे साठा उतरत जातो आणि पावसाळ्यात सगळ्यात जास्त ओढाताण. शत्रूची फौज कोणत्या महिन्यात तगडी आणि कोणत्या महिन्यात लंगडी असेल, हे इथल्या कुणब्याला पिकावरूनच सांगता आले असते.

मराठ्यांच्या बाजूला एक गोष्ट मोलाची होती. भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू अंगाने लहान, पण काटक. मिळेल त्या गवतावर ते भागवून घेई. खोगिरामागे शिदोरी आणि तोबरा बांधून निघालेल्या स्वाराला मागून चारशे बैल लागत नसत. ज्या मोठ्या खुणेवरून मुघल फौज ओळखू यायची, ती खूणच मराठ्यांच्या मागे फार थोडी उरे.

नदी फौजेला चिमटीत धरते

सपाट माळरानावर फौज कुठूनही जाऊ शकते. नदी आडवी आली की तसे चालत नाही. गाडे, तोफा, लादलेले बैल यांना उताराचीच जागा लागते, म्हणजे जिथे पाणी उथळ, तळ घट्ट आणि दरड चढण्याजोगी. सोलापूरहून आजच्या विजापूर रस्त्याने निघाले तर वडकबाळला सीना आणि टाकळीला भीमा अशा दोन नद्या ओलांडाव्या लागतात. शंभर कोसांच्या मुलखावर पाळत ठेवायला हजार माणसे लागतील. पाच-सहा उतारांवर ठेवायला गुरे राखणारी दहा पोरेही पुरतात.

भीमेचा एक स्वभाव बाहेरच्या माणसाला चकवतो. सोलापूर जिल्हा कमी पावसाचा. आकाश निरभ्र असते, रान कोरडे असते, आणि तरी नदी दुथडी भरून येते, कारण पाऊस पडलेला असतो दूर सह्याद्रीत. घाटातून आलेला माणूस ‘तिकडे झोड उठली आहे’ म्हणाला, की पुढे उतार बंद होणार हे काठावरच्या नावाड्याला कळे. नदीपलीकडे अडकलेल्या तुकडीला मदत मिळणार नाही हे ज्याला आधी समजले, त्याच्या हाती लढाई. १६९७ च्या पावसाळ्यात या भीमेने ब्रह्मपुरीच्या छावणीतच शिरून मोठा हाहाकार उडवला होता. त्यात भर आपल्या काळ्या रानाची. पावसात ते असे धरते, की तोफेचे चाक आसापर्यंत रुतते. दसऱ्याला सीमोल्लंघन करण्याच्या प्रथेमागे चिखल वाळण्याचा हिशेबही होताच.

हाच मुलूख ब्रह्मपुरीच्या छावणीच्या दहा वर्षे आधी मुघलांनाही नडला आणि तारूनही गेला. मे १६८५ मध्ये औरंगजेब सोलापुरात येऊन राहिला तो विजापूरच्या वेढ्यासाठी. वेढा घालणाऱ्या शहाजादा आज्जमच्या फौजेची रसद सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या वाटेवर अवलंबून होती. आदिलशाही स्वारांनी ती वाट तोडली आणि वेढा घालणारेच उपाशी पडले. बादशहाने माघारीचा निरोप धाडला, आज्जमने तो मानला नाही. शेवटी फिरोजजंग या मुघल सरदाराच्या बंदोबस्तात धान्याचे तांडे पाठवावे लागले. त्याच धामधुमीत सगरच्या पाम नायकाने विजापूरच्या लोकांसाठी सुमारे सहा हजार बेरड पायदळ डोक्यावर शिधा देऊन पाठवल्याचे मुघल इतिहासकार सांगतात. फिरोजजंगाला सुगावा लागला आणि त्याने त्यांना मध्येच कापून काढले. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडले. एका बाजूची रसद पोहोचली, दुसऱ्या बाजूची वाटेत अडली. वेढ्याच्या निकालात तटावरच्या शौर्याइतकाच याचा वाटा आहे.

बातमी कोण आणतो?

हेर म्हटले की आपल्याला वेषांतर आठवते. बहिर्जी नाईकांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्या ऐकाव्यात अशाच आहेत. १६७९ मध्ये जालन्याहून परतताना शिवाजी महाराजांना मुघल फौजांनी घेरत आणले, तेव्हा आडवाटेने त्यांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचवले ते बहिर्जींनी. पण रोजच्या बातमीचा मोठा भाग अशा असामान्य माणसांकडून येत नव्हता. आपापल्या कामासाठी फिरणाऱ्या लोकांकडे ती आधीच असे. फक्त विचारणारा लागे.

बंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांवर धान्य आणि मीठ घेऊन देशभर हिंडत. आज सोलापूर परिसरात मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्या दिसतात, त्या या फिरत्या व्यापाराशी नाते सांगणाऱ्या समाजाच्या. फौजांना धान्य पुरवणारे मुख्य लोक हेच. तांड्याने कुठे माल उतरवायचे ठरवले आहे, हे कळले की फौज कुठे आहे किंवा येणार आहे, ते कळले. बाजारभावही बोलतो. पीक चांगले आले असून एखाद्या पेठेत हरभरा एकाएकी महागला, तर कुणीतरी मोठा गिऱ्हाईक जवळ आला आहे असे समजावे.

मग जमिनीवरच्या खुणा. उन्हाळ्यात सपाट मुलखात घोडदळाची धूळ कोसावरून दिसते. सोडून दिलेल्या तळावर चुली मोजल्या तर माणसांचा अंदाज येतो, राखेच्या उबेवरून निघून किती वेळ झाला ते समजते. लीद फोडून पाहणाऱ्या जाणत्या माणसाला तीत हरभऱ्याची टरफले दिसली, तर घोडी अजून दाण्यावर आहेत. नुसते गवताचे धागे असले, तर तोबरे रिकामे झाले. या खुणा एकेकट्या फसव्या असतात. चुली मुद्दाम जास्त पेटवता येतात, बैल पळवून धूळ उडवता येते. म्हणून शहाणा नायक एका खुणेवर विसंबत नाही. भाव, धूळ आणि नावाड्याचे बोलणे तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवू लागले, की तो घोड्यावर मांड टाकतो.

शिळी बातमी

आता एक अडचणीचा प्रश्न. मुघलांकडे हे सगळे नव्हते काय? होते, आणि मराठ्यांपेक्षा कितीतरी शिस्तीत. वाकेनवीस, सवानेहनिगार, खुफियानवीस आणि हरकारे असे चार प्रकारचे बातमीदार सुभ्यासुभ्यातून दरबाराला लिहीत. त्या बातमीपत्रांचे ढीग आजही उपलब्ध आहेत. सेतुमाधवराव पगडी यांनी त्यांतली पुष्कळ मराठीत आणून आपल्यावर मोठे उपकार केले आहेत. संताजी कुठून येत आहेत हे बादशहाला कळले होते, म्हणून तर कासिमखानाला हुकूम गेला.

गोम होती ती वेळेत. दोड्डेरी ते ब्रह्मपुरी हे अंतर रस्त्याने चारशे किलोमीटरहून अधिक. बातमी वर जायची, बादशहा निर्णय घ्यायचा, हुकूम खाली यायचा. तोवर बातमी शिळी. आणि शिळेपणा दोन्ही बाजूंना सारखा बाधत नाही. मुघल तळाची बातमी एक दिवस जुनी असली, तरी तो चार-पाच कोसांच्या आतच सापडणार. संताजींचे स्वार निकडीला दिवसात वीस कोस कापू शकत. त्यांची एक दिवस जुनी बातमी मिळाली, तर शोधायचे वर्तुळ वीस कोस त्रिज्येचे होते. त्रिज्या चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळा पट. एकाच दिवसाचा उशीर झाला तरी मुघलांना मराठ्यांहून सोळा पट मुलूख धुंडाळावा लागे. दोन दिवसांनी तर शोधण्यालाही अर्थ उरत नसे. माझ्या मते मुघलांची दक्षिणेतली कोंडी समजून घ्यायला हे साधे गणित फार उपयोगी आहे.

दोड्डेरी

कासिमखानाने पाहुण्या सरदारांची बडदास्त ठेवायची म्हणून अदोनीच्या किल्ल्यातून उंची तंबू, सोन्या-चांदीची आणि चिनी भांडी मागवली आणि हा पेशखाना तीन कोस पुढे पाठवला. संताजींनी फौजेचे तीन भाग केले. पहिला भाग पेशखान्यावर गेला. खान तिकडे धावला, तेव्हा वाटेत त्याला दुसऱ्या भागाने गाठले. तिसरा भाग राखून ठेवला होता. तो मागे उघड्या पडलेल्या मूळ छावणीवर कोसळला. एकाच फौजेची तीन ठिकाणे आणि त्यांतली अंतरे माहीत असल्याशिवाय असा डाव टाकताच येत नाही. चित्रदुर्गच्या बरमप्पा नायकाचे लोकही मराठ्यांच्या बाजूने होते, म्हणजे वाटा दाखवणारे तिथलेच.

लढत मागे सरलेले मुघल दोड्डेरीच्या लहानशा गढीत शिरले. तिथे आधीच धान्य बेताचे होते. उपाशी जनावरे गवत समजून एकमेकांच्या शेपट्या चावू लागली, असे मुघल लेखकांनीच नोंदवले आहे. कासिमखान गढीतच मरण पावला. उरलेल्यांनी वीस लाख रुपये खंडणी कबूल करून आणि सामान, हत्ती, घोडे सोडून सुटका करून घेतली. मदतीला येणारा हिंमतखान जानेवारी १६९६ मध्ये बसवपट्टणजवळ मारला गेला.

ज्या संताजींना बादशहाची बातमीपत्रे गाठू शकली नाहीत, त्यांना पुढे १६९७ मध्ये म्हसवडच्या नागोजी माने यांनी शंभू महादेवाच्या डोंगरात गाठले. नागोजी त्याच मुलखातले. त्यांच्यामध्ये आणि संताजींमध्ये चारशे किलोमीटरची डाक नव्हती.

माग पुसणारे

शत्रू आपला माग काढतो, तसा आपण त्याचा पुढचा मार्गच नाहीसा करू शकतो. डिसेंबर १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग विजापूरवर चालून गेले. पुरंदरच्या तहानुसार शिवाजी महाराजही त्या फौजेत होते. मंगळवेढे हाती आले, महिनाअखेर फौज विजापूरपासून काही कोसांवर ठेपली. तिथे तिला उजाड रान भेटले. आदिलशाहीने राजधानीभोवतीची तळी फोडली होती, विहिरी मेलेली जनावरे टाकून नासवल्या होत्या, झाडे तोडली होती. आणि तिचे स्वार मागे मुघल मुलखात घुसून रसद तोडत होते. जड तोफा जयसिंगांनी आणल्या नव्हत्या, त्यामुळे शहर झटपट घेणेही शक्य नव्हते. जानेवारी १६६६ च्या पहिल्या आठवड्यात माघार सुरू झाली.

नळदुर्गचा पूल

१९४८ मध्ये सोलापूर पुन्हा सरहद्दीवरचे ठाणे बनले. पूर्वेला काही कोसांवर निजामाचे राज्य. या वेळी निजामाच्या रसदीची एक वाट आकाशातून होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक लँकेस्ट्रियन विमानांतून कराचीहून शस्त्रे आणून हैदराबाद संस्थानातल्या धावपट्ट्यांवर उतरवत होता. बिदर हे त्यातले एक ठिकाण. पुढे लंडनच्या न्यायालयाने त्याला २०० पौंड दंड केला. या वाटेला ना उतार होता ना चिमटी, म्हणून ती चालू असल्याचे कळूनही रोखणे अवघड होते.

जमिनीवरचे चित्र उलटे. जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या भारतीय फौजेचा मुख्य जमाव सोलापूरला होता. मुंबई-मद्रास लोहमार्गावरच्या गजबजलेल्या गावात रणगाडे आणि शेकडो गाड्या गोळा होतात, तेव्हा ते झाकून ठेवता येत नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्याने हल्ला येणार, हे ओळखायला निजामाच्या अधिकाऱ्यांना हेराची गरज नव्हती. या रस्त्यावर नळदुर्गला बोरी नदी आडवी येते. तिच्यावरचा पूल वेळेत उडवला, तर गाड्या आणि रणगाडे अडकून पडणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

दिशा ठाऊक असली तरी हल्ल्याचा क्षण ठाऊक नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज इतक्या वेगाने नळदुर्गवर धडकली, की पूल उडवायच्या आत तो जसाच्या तसा हाती आला. मागचे रणगाडे, पेट्रोल आणि दारूगोळा त्याच रस्त्याने उमरग्याकडे सरकला. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी चौधरी यांनी हैदराबादच्या फौजेची शरणागती स्वीकारली.